अनीसुर रहमान

अनीसुर रहमान (जन्म : २४ ऑगस्ट, इ.स. १९२७, मृत्यू : ६ जून, इ.स. १९८७) हे हैदराबादेत जन्मलेले भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. द्रव पदार्थातील अणूंची हालचाल संगणकावर गणिताने घडवून पाहण्याच्या पद्धतीचे, म्हणजेच रेणू गतिकीचे, ते जनक मानले जातात. इ.स. १९६४ साली त्यांनी द्रवरूप आर्गॉनमधील ८६४ अणूंचा प्रवास संगणकाच्या साहाय्याने मोजला. आकर्षण आणि प्रतिकर्षण दोन्ही असलेल्या, खऱ्या द्रवाशी तुलना करता येईल अशा प्रणालीचे हे पहिले सदृशीकरण होय. आज औषधनिर्मिती, पदार्थविज्ञान, जीवरसायनशास्त्र आणि महाविद्यालयीन अध्यापन या क्षेत्रांत वापरल्या जाणाऱ्या रेणू सदृशीकरणाच्या बहुतेक सर्व सॉफ्टवेअरांच्या मुळाशी त्यांनी रूढ केलेल्या पद्धती आहेत. अमेरिकेतील ऑर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांनी इ.स. १९६० ते १९८५ अशी पंचवीस वर्षे संशोधन केले.

येथे नामसाधर्म्यामुळे एक गोंधळ टाळणे आवश्यक आहे. आर्गॉन हे हवेत अल्प प्रमाणात असलेल्या निष्क्रिय वायूचे नाव आहे, तर ऑर्गॉन हे शिकागो शहराजवळील प्रयोगशाळेचे नाव आहे. रहमान यांनी ऑर्गॉनमध्ये बसून आर्गॉनचा अभ्यास केला, हा केवळ योगायोग होय.

हैदराबाद आणि शिक्षण

रहमान यांचा जन्म झाला तेव्हा हैदराबाद हे निजामाचे संस्थान होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे त्याच संस्थानात मोडत. त्यामुळे ज्या उस्मानिया विद्यापीठात रहमान यांचे शिक्षण झाले, ते मराठवाड्यातील विद्यार्थ्यांचेही विद्यापीठ होते. इ.स. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे वैशिष्ट्य असे की, तेथे गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक असे सारे विषय उर्दूतून शिकविले जात. त्यासाठी संस्थानाने स्वतंत्र भाषांतर विभाग चालविला होता. पाश्चात्त्य शास्त्रांची पाठ्यपुस्तके भाषांतरित करणे आणि शास्त्रीय परिभाषा घडविणे हे त्या विभागाचे काम होते. आधुनिक विज्ञान भारतीय भाषेतून पदवीपर्यंत शिकविण्याचा एवढ्या व्यापक प्रमाणावरील दुसरा प्रयोग त्या काळी देशात नव्हता. मराठवाड्यातील मराठी मुलांना मात्र ही भाषाही परकीच होती, हे त्या प्रयोगाचे दुसरे अंग नजरेआड करता येत नाही.

उस्मानियानंतर रहमान इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी गणित व भौतिकशास्त्र या विषयांत ट्रायपॉस पूर्ण केली. पुढे बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठात शार्ल मानबाक यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून इ.स. १९५३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. मानबाक हे रेणूंच्या रचनेचा सैद्धांतिक अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ होते. संगणकाचा वापर हा तेव्हा रहमान यांच्या शिक्षणाचा भाग असण्याचे कारण नव्हते. इलेक्ट्रॉनिक संगणक जगात मोजक्या ठिकाणी होते आणि त्यांतील बहुतेक लष्करी कामांत गुंतलेले होते.

इ.स. १९६० मध्ये ते ऑर्गॉन प्रयोगशाळेत रुजू झाले. अणुऊर्जेच्या संशोधनासाठी इ.स. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या प्रयोगशाळेत अणुभट्ट्या होत्या आणि त्या काळच्या मानाने मोठे संगणकही होते. रहमान यांच्या पुढील कामाला या दोन्ही गोष्टी कारणीभूत ठरल्या.

द्रवांचे कोडे

एकोणिसाव्या शतकात वायूंचा गत्यात्मक सिद्धांत उभा राहिला. वायूतील रेणू एकमेकांपासून दूर असतात, क्वचित आदळतात, म्हणून त्यांचे गणित सुटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्फटिकांचेही गणित सुटले, कारण तेथे अणू ठरावीक जागी बसून केवळ कंप पावतात. द्रव मात्र दोन्हींच्या मध्ये अडकून राहिला. त्यात अणू स्फटिकाइतकेच दाटीने असतात, पण कोणाचीही जागा ठरलेली नसते. सरासरीच्या सोयीस्कर कल्पना तेथे लागू पडत नाहीत.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस चेंडू आणि काड्या जोडून द्रवाच्या रचनेची प्रत्यक्ष प्रतिकृतीच उभारली. अशा प्रतिकृतीतून अणू कसे रचले जातात याची कल्पना येत असे, पण चेंडू जागचे हलत नसत. द्रवाचा विशेष तर हालचालीतच आहे.

संगणकाने हालचाल मोजण्याचे काही प्रयत्न रहमान यांच्या आधी झाले होते. लॉस अलामॉस येथे फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी मेरी त्सिंगू यांच्या साहाय्याने एका रेषेत जोडलेल्या वस्तुमानांची गती मोजली व त्याचा अहवाल इ.स. १९५५ मध्ये तयार झाला. इ.स. १९५७ मध्ये बर्नी ऑल्डर आणि टॉमस वेनराइट यांनी बिलियर्डच्या चेंडूंसारखे कठीण गोल घेऊन, केवळ आदळण्यानेही द्रवाचे घनात रूपांतर होऊ शकते, असे दाखविले. ब्रुकहेवन येथे जॉर्ज व्हिनयार्ड आणि सहकाऱ्यांनी इ.स. १९६० मध्ये किरणोत्सर्गामुळे तांब्याच्या स्फटिकात होणारी मोडतोड संगणकावर पाहिली. ऑल्डर व वेनराइट यांचे काम मूलभूत असले तरी कठीण गोल हा कोणताही खरा पदार्थ नव्हे. त्यांच्यात परस्पर आकर्षण नसते, त्यामुळे प्रयोगशाळेतील एखाद्या द्रवाच्या मोजमापाशी ती आकडेवारी थेट ताडून पाहता येत नव्हती.

याच सुमारास अणुभट्टीतून मिळणारे न्यूट्रॉन द्रवावर सोडून, ते कसे विखुरतात यावरून अणूंची हालचाल ताडण्याचे प्रयोग सुरू झाले होते. प्रयोगातून येणाऱ्या आलेखांचा अर्थ लावण्यासाठी वेगवेगळी सैद्धांतिक गृहीतके मांडली जात. त्यांतील कोणते खरे, हे ठरविण्यास साधन नव्हते. रहमान यांनी हे साधन पुरविण्याचे ठरविले.

इ.स. १९६४ चा शोधनिबंध

फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकात इ.स. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेला, द्रव आर्गॉनमधील अणूंच्या गतीतील सहसंबंधांवरचा रहमान यांचा निबंध हा रेणू गतिकीचा आरंभबिंदू समजला जातो. निबंधावर एकट्या रहमान यांचेच नाव आहे.

आर्गॉनची निवड विचारपूर्वक होती. त्याचे अणू गोलाकार, एकमेकांशी रासायनिक बंध न करणारे आणि पुरेसे जड असतात. म्हणून पुंजयामिकीच्या सूक्ष्म परिणामांकडे दुर्लक्ष करून न्यूटनचे गतिनियम वापरता येतात. दोन अणूंमधील बल लेनर्ड-जोन्स विभवाने दर्शविले होते. या सूत्रानुसार अणू थोडे दूर असताना एकमेकांना ओढतात आणि फार जवळ आले की तीव्रतेने दूर लोटतात. आकर्षणाचा भाग अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, तर प्रतिकर्षणाचा भाग बाराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. आर्गॉनसाठी अणूचा आकार दर्शविणारा स्थिरांक ३.४ अँगस्ट्रॉम घेण्यात आला होता.

हे ८६४ अणू सुमारे ३५ अँगस्ट्रॉम बाजू असलेल्या घनाकृती पेटीत ठेवले होते. ८६४ हा आकडा सहाच्या घनाची चौपट आहे. प्रत्येक एककात चार अणू असलेल्या स्फटिकजालाची सहा एकके तिन्ही दिशांनी मांडली की एवढेच अणू बसतात. तापमान ९४.४ केल्विन, म्हणजे शून्याखाली सुमारे १७९ अंश सेल्सियस, आणि घनता दर घन सेंटिमीटरला १.३७४ ग्रॅम होती.

पेटी इतकी लहान की तिच्यातील अणूंचा मोठा हिस्सा भिंतीलगतच असणार, आणि खऱ्या द्रवाच्या अंतर्भागात तर भिंती नसतात. यासाठी आवर्ती सीमेची युक्ती वापरण्यात आली. जो अणू उजव्या भिंतीतून बाहेर पडेल तो त्याच वेगाने डाव्या भिंतीतून आत येतो. अशा रीतीने एकच पेटी सर्व दिशांना पुन्हा पुन्हा मांडल्यासारखी होते आणि थोड्या अणूंकडून अथांग द्रवाचे काम करून घेता येते. ८६४ अणूंच्या ३,७२,८१६ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे बल दर वेळी मोजणे तेव्हाच्या यंत्राला जड होते, म्हणून ठरावीक अंतरापलीकडील अणूंचे बल शून्य मानण्यात आले.

पुढची कृती वर्णन करायला सोपी आहे. सर्व अणूंच्या जागा ठाऊक असल्या की प्रत्येकावरील बल काढता येते. बलावरून त्वरण, त्वरणावरून वेग आणि वेगावरून क्षणभरानंतरची नवी जागा. नव्या जागेवरून पुन्हा बल. रहमान यांच्या गणितात हा क्षण १० फेम्टोसेकंदांचा, म्हणजे एका सेकंदाचा एक लाख अब्जावा भाग होता. आधी नव्या जागेचा अंदाज करायचा, तेथील बल मोजायचे आणि त्यावरून अंदाज दुरुस्त करायचा, अशी पद्धत त्यांनी वापरली. सीडीसी ३६०० या संगणकावर हे चक्र चालविण्यात आले.

निष्कर्षांतील काही अपेक्षित होते. अणूभोवती इतर अणू कसे दाटतात याचा आलेख क्ष-किरणांच्या प्रयोगांशी जुळला, विसरणाचा स्थिरांकही मोजलेल्या मूल्यापाशी आला. यामुळे पद्धतीवर विश्वास बसला. परंतु निबंधाचे महत्त्व त्यापलीकडील एका निरीक्षणात आहे. एखादा अणू आता ज्या वेगाने चालला आहे त्याची स्मृती किती काळ टिकते, असा प्रश्न रहमान यांनी विचारला. तोवरच्या सोप्या सिद्धांतानुसार ही स्मृती हळूहळू, एकाच दिशेने विरत शून्यावर यायला हवी होती. गणितात मात्र ती सुमारे एक तृतीयांश पिकोसेकंदानंतर शून्याच्या खाली गेली. याचा अर्थ असा की, अणू सरासरीने उलट दिशेला वळत होता. भोवतालच्या शेजाऱ्यांनी त्याच्याभोवती पिंजरा केलेला असतो. तो पुढे जातो, पिंजऱ्यावर आपटतो आणि मागे फिरतो. गर्दीच्या जत्रेत माणूस जसा रेटला जातो तसाच हा प्रकार होय. द्रवातील अणू काही क्षण स्फटिकातल्यासारखा कंप पावतो आणि मग जागा सोडतो, ही गोष्ट प्रथमच इतक्या स्पष्टपणे आकड्यांत उतरली. न्यूट्रॉन प्रयोगांच्या स्पष्टीकरणासाठी वापरात असलेली काही गृहीतके अपुरी असल्याचेही याच निबंधाने दाखविले.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लू व्हर्ले यांनी इ.स. १९६७ मध्ये ८६४ अणूंच्याच प्रणालीवर पुढील काम केले. त्यांनी वापरलेली, नवी जागा काढण्याची अधिक सुटसुटीत पद्धत आणि शेजारी अणूंची यादी ठेवण्याची युक्ती आज त्यांच्या नावाने शिकविली जाते.

पाणी

आर्गॉननंतरचे आव्हान पाण्याचे होते. पाण्याचा रेणू गोल नाही, त्यावर विद्युतभार असमान वाटलेला आहे आणि हायड्रोजन बंध दिशा पाहून जुळतात. बेल प्रयोगशाळेतील फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह रहमान यांनी इ.स. १९७१ मध्ये २१६ रेणूंच्या द्रव पाण्याचे सदृशीकरण प्रसिद्ध केले. पाण्याविषयी त्या काळी परस्परविरोधी मते होती. पाण्यात बर्फासारख्या रचनेची छोटी बेटे तरंगत असतात, असे एक मत होते. रहमान आणि स्टिलिंजर यांच्या गणितात अशी बेटे आढळली नाहीत. त्यांना दिसले ते सर्वत्र पसरलेले, वेडेवाकडे, ताणलेले आणि सतत तुटत-जुळत राहणारे हायड्रोजन बंधांचे जाळे. इ.स. १९७४ मध्ये दोघांनी पाण्याच्या रेणूची सुधारित प्रतिकृती मांडली. एसटी-२ या नावाने ती पुढे दीर्घकाळ वापरली गेली.

सजीवांच्या पेशीत पाणी असतेच. त्यामुळे पाण्याचे गणित साधल्यावर प्रथिनांकडे वळणे स्वाभाविक होते. इ.स. १९७७ मध्ये मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी एका लहान प्रथिनाची गती संगणकावर पाहिली. या शाखेतील कामासाठी मार्टिन कारप्लस, मायकेल लेव्हिट आणि एरी वॉर्शेल यांना इ.स. २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रहमान तेव्हा हयात नव्हते.

आकार बदलणारी पेटी

१९७० च्या दशकात रहमान यांनी वितळलेले क्षार, द्रव रुबिडियम, द्रवाचे स्फटिकीभवन आणि अतिआयनी संवाहक अशा विविध विषयांवर काम केले. अतिआयनी संवाहक म्हणजे असे घन पदार्थ, ज्यांत एका प्रकारचे आयन जागेवर राहतात आणि दुसऱ्या प्रकारचे जवळजवळ द्रवासारखे वाहतात. कॅल्शियम फ्लुओराइड आणि सिल्व्हर आयोडाइड ही त्यांनी अभ्यासलेली उदाहरणे. सिल्व्हर आयोडाइडवरील कामात प्रिया वशिष्ठ हे त्यांचे सहकारी होते.

या काळातील त्यांचे सर्वाधिक वापरले गेलेले काम इटालियन शास्त्रज्ञ मिकेले पॅरिनेलो यांच्याबरोबरचे आहे. तोवर सदृशीकरणाची पेटी घनाकृती व अचल असे. द्रवासाठी ते ठीक होते. स्फटिकाला मात्र दाबाखाली एक रचना सोडून दुसरी स्वीकारायची असेल तर पेटीचा आकारच आड येई. हान्स अँडरसन यांनी इ.स. १९८० मध्ये पेटीचे आकारमान कमी-जास्त होऊ देण्याची पद्धत मांडली. पॅरिनेलो आणि रहमान यांनी त्याच वर्षी त्यापुढे जाऊन पेटीच्या तिन्ही बाजूंची लांबी आणि त्यांतील कोनही गतिनियमांच्या अधीन केले. आता पेटी तिरपी होऊ शकत होती, ताणली जाऊ शकत होती. इ.स. १९८१ च्या निबंधात त्यांनी निकेलच्या स्फटिकावर एका दिशेने भार देऊन, पुरेशा दाबाखाली त्याची रचना बदलते, असे दाखविले. कोणती नवी रचना येणार हे गणिताला आधी सांगितलेले नव्हते, हा त्यातील लक्षणीय भाग होय.

ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर वापरणारा विद्यार्थी दाब स्थिर ठेवण्याच्या पद्धतींच्या यादीतून आजही पॅरिनेलो-रहमान हे नाव निवडतो. त्या जोडनावातील रहमान हैदराबादचे होते, हे त्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते.

इ.स. १९८२ मध्ये डेव्हिड कॅलावे यांच्यासह रहमान यांनी मूलकणांच्या भौतिकीतील जालक गेज सिद्धांतालाही रेणू गतिकीची पद्धत लावली. या कल्पनेतून पुढे इ.स. १९८७ मध्ये इतर शास्त्रज्ञांनी संकरित माँटे कार्लो ही पद्धत विकसित केली आणि ती आता संख्याशास्त्रातही रूढ झाली आहे.

अखेरची वर्षे

इ.स. १९८५ मध्ये रहमान ऑर्गॉन सोडून मिनेसोटा विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि तेथील महासंगणक संस्थेचे सदस्य म्हणून गेले. ६ जून, इ.स. १९८७ रोजी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. द्रवांच्या संगणकीय सदृशीकरणावरील माइक ॲलन आणि डॉमिनिक टिल्डस्ली यांचे सुप्रसिद्ध पाठ्यपुस्तक त्याच वर्षी बाहेर आले.

अध्यापनातील स्थान

रहमान यांनी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर तयार केले नाही. तथापि, पदार्थाच्या अवस्था शिकविणाऱ्या आजच्या सॉफ्टवेअरांचा गाभा त्यांच्या १९६४ च्या गणितासारखाच आहे : लेनर्ड-जोन्स विभव, न्यूटनचे नियम आणि लहान कालखंडांची पुनरावृत्ती. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी इ.स. २००२ मध्ये सुरू केलेल्या फेट या प्रकल्पातील द्रव्याच्या अवस्थांविषयीच्या प्रतिरूपात निऑन, आर्गॉन, ऑक्सिजन आणि पाणी यांचे कण तापविता व थंड करता येतात. या प्रकल्पातील कित्येक प्रतिरूपे मराठीतही उपलब्ध आहेत. पदव्युत्तर पातळीवर लॅम्प्स आणि ग्रोमॅक्स यांसारखी विनामूल्य सॉफ्टवेअरे वापरली जातात.

अध्यापनाच्या दृष्टीने या पद्धतीचे मोल साधनांच्या उपलब्धतेत आहे. द्रवातील अणूंची हालचाल प्रयोगाने पाहायची तर न्यूट्रॉनचा झोत लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राकडे पाहावे लागते. तेथील ध्रुव ही संशोधन अणुभट्टी इ.स. १९८५ मध्ये कार्यान्वित झाली. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला असे उपकरण पदवीच्या काळात हाताळायला मिळण्याची शक्यता जवळपास नसते. रहमान यांचे १९६४ चे गणित मात्र तो महाविद्यालयातील साध्या संगणकावर स्वतः करून पाहू शकतो. त्यासाठी लागणारा प्रोग्राम काही पानांत मावतो. सीडीसी ३६०० हे खोलीभर यंत्र होते; आज खिशातल्या मोबाइलची गणनक्षमताही त्याहून कित्येक पटींनी अधिक आहे. पुण्यात इ.स. १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक स्थापन झाले आणि इ.स. १९९१ मध्ये तेथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. मोठ्या रेणूंच्या संशोधनासाठी तशा यंत्रांची गरज असते. आर्गॉनच्या ८६४ अणूंसाठी ती आता उरलेली नाही.

असा प्रोग्राम स्वतः लिहिणे आणि तयार सॉफ्टवेअरमधील चित्र पाहणे यांत फरक आहे. पडद्यावर रंगीत गोळे उसळताना पाहून विद्यार्थ्याचा असा समज होण्याचा धोका असतो की, अणू असेच दिसतात. प्रत्यक्षात तो पाहत असतो ते एका गृहीत सूत्राचे परिणाम. सूत्र चुकीचे असेल तर चित्र तितकेच मोहक पण खोटे निघते. स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे लवकर उमगते. कालखंड थोडा मोठा घेतला की दोन अणू एकमेकांत घुसतात, बल अफाट वाढते आणि एकूण ऊर्जा, जी स्थिर राहायला हवी, ती भडकते. ऊर्जा टिकते की नाही हे तपासणे ही म्हणूनच या विषयातील पहिली परीक्षा मानली जाते. दुसरी परीक्षा प्रयोगाशी ताडण्याची. रहमान यांनीही आधी विसरण आणि रचना प्रयोगाशी जुळवून दाखविली व मगच नवे सांगितले. विद्यार्थ्याने निबंध वाचताना हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

आणखी एक अडचण तत्त्वाची आहे. सुरुवातीच्या जागेत अत्यल्प फरक केला तरी काही पिकोसेकंदांत अणूंचे मार्ग पूर्णपणे वेगळे होतात. मग संगणकाने दाखविलेला मार्ग खरा कसा म्हणायचा? याचे उत्तर असे की, एकेका अणूचा मार्ग महत्त्वाचा नसून अनेक अणूंच्या व अनेक क्षणांच्या सरासरीतून निघणाऱ्या राशी महत्त्वाच्या असतात, आणि त्या अशा फरकाने ढळत नाहीत. सांख्यिकीय भौतिकशास्त्र शिकविताना फळ्यावर अवघड वाटणारी ही कल्पना दोन वेळा प्रोग्राम चालवून सहज पटविता येते.

सन्मान

इ.स. १९७७ मध्ये रहमान यांना रासायनिक भौतिकीतील आयर्विंग लँगम्यूर पुरस्कार देण्यात आला. त्यांच्या मृत्यूनंतर अमेरिकन फिजिकल सोसायटीने इ.स. १९९२ मध्ये संगणकीय भौतिकीतील उल्लेखनीय कार्यासाठी अनीसुर रहमान पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार इ.स. १९९३ मध्ये नोबेल विजेते केनेथ विल्सन यांना मिळाला. इ.स. १९९५ मध्ये तो रॉबेर्तो कार आणि रहमान यांचे जुने सहकारी मिकेले पॅरिनेलो यांना विभागून देण्यात आला. अणूंमधील बलाचे सूत्र आधी गृहीत न धरता इलेक्ट्रॉनांच्या पुंजयामिकीवरून ते चालता चालता काढण्याची, इ.स. १९८५ मधील त्यांची पद्धत या पुरस्कारास कारण ठरली.